आधी माल मोजा, मग गाडी



आंबिया बहाराची संत्री उतरू लागली की रिद्धपूर, मोर्शी, वरुड, चांदूर बाजार या साऱ्या पट्ट्यात एकच प्रश्न फिरू लागतो : गाडी मिळेल का? कापूस घरात थांबतो. तूर कोठीत थांबते. तोडलेले संत्रे थांबत नाही. हे व्यापाऱ्याला माहीत असते आणि गाडीवाल्यालाही माहीत असते. म्हणून ज्याच्या दारात गाडी नाही त्याच्याशी हे दोघे सौदा करीत नाहीत. ते त्याला फक्त भाव सांगतात.

त्यातूनच गावोगाव एक विचार निघतो : चौघे मिळून एखादा जुना ट्रक घेऊ. विचार वाईट नाही. एक काळ असा होता की दारात गाडी असूनही कापूसवाल्याला तिचा उपयोग नव्हता. १९७२ पासून सुमारे ३० वर्षे एकाधिकार कापूस खरेदीच्या नावाखाली आपला कापूस राज्याच्या सीमेबाहेर नेता येत नव्हता. वरुडच्या पलीकडे पांढुर्णा दिसत होते, पण रस्ता बंद होता. आता ते बंधन राहिलेले नाही. फळे आणि भाजीपालाही राज्याने २०१६ साली बाजार समितीच्या सक्तीतून मोकळा केला. आज भाव पटला नाही तर माल पुढच्या बाजारात नेण्याची मुभा आहे. पण मुभा कागदावर असते आणि माल चाकावर जातो. चाक आपले असावे असे वाटणे साहजिक आहे.

तरीही आज आम्ही सावधगिरीचे चार शब्द सांगणार आहोत, आणि ते दुसऱ्याच्या चुकीवरून नव्हे, आमच्याच चुकीवरून. आम्ही चौघांनी मिळून एकदा जुना ट्रक घेतला. रंग नवा, हौदा नवा, किंमत बाजारापेक्षा कमी. दलाल म्हणाला, "लय सस्त्यात भेटली ना भाऊ." आम्हीही गावात तेच सांगत फिरलो. पुढे कळले ते असे : गाडी परराज्यातली, तिच्यावर एका फायनान्स कंपनीचा बोजा, आणि ना-हरकत कागदासाठी आमच्या चकरांवर चकरा. पहिल्याच हंगामात इंजिन खोलावे लागले. ऐन तोडणीत गाडी निंबाखाली उभी, आमची संत्री भाड्याच्या गाडीत, आणि कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला हजर. सस्त्यात मिळालेली ती गाडी आमच्या आयुष्यातली सर्वांत महाग खरेदी ठरली.

नंतर बसून विचार केला तेव्हा खरी चूक इंजिनात नव्हती, आमच्या हिशेबात होती. आपण वर्षानुवर्षे सरकारला काय म्हणत आलो? शेतमालाचा उत्पादन खर्च काढताना तुम्ही घसारा पुरता धरत नाही, भांडवलावरचे व्याज पुरते धरत नाही, घरच्या माणसाची मजुरी पुरती धरत नाही. बरोबर म्हणत आलो. आणि स्वतः गाडी घेताना आपण काय करतो? गाडीची किंमत पाहतो, डिझेल पाहतो, आणि म्हणतो, परवडते. घसारा नाही, व्याज नाही, घरच्या पोराने स्टेअरिंग धरले तर त्याची मजुरी नाही. जी चोरी दुसऱ्याने केली तर आपण रस्ता अडवतो, तीच आपण आपल्या वहीत करतो.

हिशेब असा मांडा

आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे तुम्ही घाला. समजा, सुमारे ४ टन माल नेणारी जुनी डिझेल गाडी ५,००,००० रुपयांना घेतली. टायर, क्लच, हौद्याचे काम यांवर लगेच १,००,००० लागले. एकूण ६,००,०००. पाच वर्षांनी ती २,००,००० ला विकली गेली असे धरा. मग वर्षाचा खर्च :

घसारा ८०,०००.
६ लाखांवर १२ टक्क्यांनी व्याज ७२,०००.
विमा, टॅक्स, फिटनेस, पीयूसी मिळून ५०,०००.
ड्रायव्हर महिना १२,००० प्रमाणे १,४४,०००.
टायर आणि दुरुस्ती ६०,०००.

बेरीज ४,०६,००० रुपये. यात डिझेलचा एक थेंब नाही. दुरुस्ती फेऱ्यांप्रमाणे कमीजास्त होईल. समजायला सोपे जावे म्हणून येथे सारखी धरली आहे.

आता जाऊन-येऊन १०० किलोमीटरची फेरी, लिटरला ८ किलोमीटर, डिझेल ९० रुपये धरा. फेरीला १,१२५ रुपयांचे डिझेल. वर्षाला ५० फेऱ्या झाल्या तर ४० क्विंटलच्या गाडीत क्विंटलमागे सुमारे २३१ रुपये पडतात. १०० फेऱ्या झाल्या तर १३० रुपये. २०० झाल्या तर ७९ रुपये. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, रस्ता तोच. फरक फक्त फेऱ्यांचा.

मग चौघांचा माल किती? समजा सगळ्यांचा मिळून ६० टन संत्रा : १५ फेऱ्या. सोयाबीन आणि तूर २०० क्विंटल : ५ फेऱ्या. मोकळा कापूस १०० क्विंटल. तो फुगतो, वजन भरण्याआधी हौदा भरतो, म्हणून फेरीला २० क्विंटल धरले तर आणखी ५. झाल्या २५ फेऱ्या. ड्रायव्हर बारमाही न ठेवता त्याचा पगार सगळाच वगळला तरी २,६२,००० रुपये उरतात, म्हणजे फेरीला १०,४८० आणि वर डिझेल. भाड्याची गाडी किती घेते हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे.

याचा अर्थ गाडी घेऊ नका असा नाही. याचा अर्थ एवढाच की ट्रक हे नांगर-वखरासारखे शेतीचे अवजार नव्हे. तो दुसरा धंदा आहे. घरच्या २५ फेऱ्या सोडून बाकी ७५ किंवा १०० फेऱ्या कोणाच्या, कोणत्या महिन्यात, परतीचे भाडे कोठून, याचे उत्तर ज्याच्याजवळ आहे त्याने गाडी घ्यावी. ज्याच्याजवळ नाही त्याने आठ-दहा जणांचा माल एकत्र करून हंगामभराची गाडी आधीच, लेखी दराने ठरवावी. त्यातही सौद्याची ताकद असते, आणि हप्ता नसतो.

कोणती गाडी

घ्यायचीच ठरली तर आधी वजन ठरवा. एकूण भारित वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून, ३,००० किलोपर्यंत असेल तर मोटार वाहन कायद्याने मालवाहू परमिट लागत नाही. त्यावर गेलात की परमिट लागते, मग माल स्वतःचा असला तरी. दुसरी रेघ ७,५०० किलोची. तिच्या आतली मालगाडी हलक्या वाहनाच्या साध्या लायसन्सवर चालवता येते, असे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्के केले. घरचा पोरगा गाडी चालवणार असेल तर ही रेघ मोलाची आहे. त्यावरच्या गाडीला जड वाहनाचे लायसन्स असलेला ड्रायव्हर शोधावा लागेल.

जास्त भरून कसर काढू, असे मनातही आणू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. पाटे आणि टायर जातात ते वेगळेच.

मग वय पाहा. मालगाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांनी, पुढे दर वर्षी. पंधरा वर्षांवरील जड ट्रकची फिटनेस फी २०२२ साली १२,५०० वर नेली आणि २०२५ मध्ये जुन्या गाड्यांची फी पुन्हा वाढवली. सौद्याआधी आजचा आकडा आरटीओत विचारून घ्या. संत्रा राज्याबाहेर पाठवायचा असेल तर आणखी एक गोष्ट : दोन आसांच्या ट्रकला बारा वर्षांनंतर नॅशनल परमिट मिळत नाही. म्हणजे अकरा वर्षांची गाडी 'बाहेरच्या भाड्यासाठी' म्हणून घेतली, तर तिच्या हाती एकच हंगाम आहे. दिल्लीकडच्या गाड्यांबाबत जास्तच जपा. तिकडे २०१८ साली सुप्रीम कोर्टाने दहा वर्षांवरील डिझेल गाड्या रस्त्यावर आणण्यास मनाई कायम केली, तेव्हापासून तिकडच्या जुन्या गाड्या इतर राज्यांत उतरत आल्या आहेत. स्वस्त का आहे, हे किंमत विचारण्याआधी विचारा.

धुराच्या नियमावरूनही गाडीची जात कळते. मार्च २०१७ पर्यंतच्या बहुतेक गाड्या बीएस-तीनच्या. त्यांचा डिझेल पंप सहसा साधा, तालुक्याचा मिस्त्री तो उघडून बसवतो. पण त्या आता म्हाताऱ्या झाल्या. एप्रिल २०१७ ते मार्च २०२० च्या बीएस-चारच्या. त्यांत काही साध्या, काहींना युरियाची टाकी. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहाच्या. त्यांना सेन्सर, धुराची जाळी, आणि बिघाड शोधायला संगणक लागतो. अशी गाडी घेण्याआधी तिचे काम करणारा माणूस मोर्शीत आहे की थेट अमरावतीला ओढून न्यावी लागेल, हे पाहा. आणि एक विनंती : त्या टाकीत शेतातला युरिया पाण्यात कालवून ओतू नका. गाडीचे द्रावण साडेबत्तीस टक्के शुद्ध युरियाचे असते. आपल्या पोत्यातला युरिया २०१५ पासून निंबाच्या तेलाचा लेप दिलेला आहे. शंभर रुपये वाचवायला जाल आणि लाखाची यंत्रणा घालवाल.

आरसी म्हणजे गाडीचा सातबारा

जमीन घेताना आपण सातबारा पाहतो, बोजा पाहतो, फेरफार होईपर्यंत झोप येत नाही. गाडी घेताना मात्र एका साध्या स्टँपवर विश्वास ठेवतो. आरसी हा गाडीचा सातबारा आहे. त्यावर हायपोथिकेशन लिहिलेले असेल तर तो बोजा आहे. फायनान्सवाल्याचे ना-हरकत पत्र आणि त्याच्या सहीचा ३५ नंबरचा फॉर्म हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे २८ नंबरचा फॉर्म, आधी पाहा.

फेरफार म्हणजे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचे, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. कोरे फॉर्म सह्या करून दलालाच्या पिशवीत ठेवण्याची रीत आहे. ती दोघांनाही बुडवणारी आहे. २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितले की गाडी कितीही हात फिरली असली तरी अपघाताची भरपाई ज्याचे नाव दप्तरी आहे त्याच्यावर येते. म्हणून जुनी गाडी विकणाऱ्या भावांनीही हे लक्षात ठेवावे. पैसे खिशात आले म्हणून जबाबदारी गेली असे होत नाही.

फोनवर सरकारच्या वाहन संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की फिटनेस, विमा, टॅक्स, बोजा दिसतो. थकलेली ई-चलने पाहा. ती भरण्याची जबाबदारी सौद्यातच लिहून घ्या. मग चेसिसवरचा आणि इंजिनवरचा ठोकलेला नंबर पेन्सिलची छाप घेऊन आरसीशी अक्षर-अक्षर ताडा. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला वाटला तर गाडी फुकट मिळाली तरी घरी परत या. गाडीचे हस्तांतरण झाल्यापासून १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करा.

गाडी थंड असताना पाहा

विकणाऱ्याला सांगू नका. सकाळी लवकर जा. इंजिनला हात लावा. आधीच गरम असेल तर कोणीतरी ती तुमच्यासाठी गरम करून ठेवली आहे. थंड गाडी एका-दोन सेल्फमध्ये उठली पाहिजे. सुरुवातीचा थोडा धूर चालतो. पण गरम झाल्यावरही निळा धूर येत राहिला तर ती ऑइल जाळते आहे, म्हणजे बोअर-पिस्टनचे काम जवळ आले. दाट काळा धूर नोझल, पंप किंवा हवेच्या फिल्टरकडे बोट दाखवतो. पांढरा धूर थांबतच नसेल तर हेड गॅसकेटचा संशय धरा. इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण उघडा. भक्‌भक् वाफ बाहेर येत असेल तर पुढे बोलू नका. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आणि ऑइलच्या पट्टीवर दह्यासारखा फेस, ही तशीच लक्षणे.

मग खाली झोपा. लाज वाटू देऊ नका. कपडे धुता येतात. चेसिसवर तडा किंवा नवे वेल्डिंग दिसते का? तुटलेला पाटा? हाऊसिंगमधून तेल? रंग फक्त खालीच ताजा का? पुढचे चाक जॅकवर उचलून हलवा. खडखडले तर किंगपिनचा संशय धरा. टायर पाहताना गोटे पाहू नका, बाजू पाहा. तिथे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत छापलेले असते. रिमोल्ड टायर वाईट नसतो, पण त्याला नव्याची किंमत देऊ नका. किलोमीटरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. क्लचच्या पायट्याचे रबर आणि ड्रायव्हरची सीट खरे सांगतात. शेवटी माल भरून चढावर नेऊन पाहा. रिकामी गाडी खोटे बोलते.

कापूस नेणार असाल तर वायरिंग आणि सायलेन्सर दोनदा पाहा. मोकळ्या कापसाला एक ठिणगी पुरते, आणि पेटलेला कापूस विझवायला रस्त्यात पाणी नसते.

हे सगळे आपल्या मिस्त्रीला सोबत नेऊन करा, आणि त्याला त्याची मजुरी द्या. दलालाकडून चहा पिणारा मिस्त्री आपला नसतो.

सगळे पैसे गाडीत घालू नका

हाती सहा लाख असतील तर सहा लाखांची गाडी पाहू नका. पाच पर्यंतची पाहा आणि लाखभर मागे ठेवा. जुन्या गाडीची पहिली सहा महिने परीक्षा असते. त्या वेळी खिशात पैसे नसले की सावकार आठवतो, आणि मग गाडी आपली राहत नाही.

चौघे मिळून घेत असाल तर आरसीवर कोणाचे नाव, हंगामात पहिली फेरी कोणाच्या मालाची, बिघाड झाला तर पैसे कोणत्या हिश्शाने, एकाला बाहेर पडायचे झाले तर काय, हे सौद्याआधी लिहा. भाऊबंदकी बांधावरून होते तशी चाकावरूनही होते.

आणि एक गोष्ट निक्षून. कापूस वेचायला, संत्री तोडायला जाणाऱ्या बायामाणसांना मालाच्या हौद्यात बसवू नका. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालासोबत असेल तर विमा त्याला धरतो. मालगाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००२ साली आशा राणी प्रकरणात ठरवून दिले आहे. अपघात झालाच तर एका घरची माय जाते आणि दुसऱ्या घरचे शेत जाते.

भावांनो, दारातली गाडी ही बाजारात उभे राहण्याची ताकद आहे. भाव पटला नाही तर "माल परत नेतो" असे ज्याला म्हणता येते, त्याच्याशीच व्यापारी सौदा करतो. पण कर्जाखाली वाकलेली, निंबाखाली उभी असलेली गाडी ही ताकद नव्हे. ती आणखी एक सावकार आहे.

म्हणून एक काम सांगतो. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. त्यावर बारा महिने लिहावेत, आणि प्रत्येक महिन्यासमोर गावातून किती क्विंटल, कोणता माल, कोठे जातो आणि आज किती भाडे पडते ते लिहावे. त्या कागदावरून दिसेल कोणत्या गावाला गाडी झेपते, कोणत्या दोन गावांनी एक घ्यावी, आणि कोणी यंदा भाड्याचाच करार करावा. गाडी त्यानंतर पाहायला जाऊ. मिस्त्री सोबत घेऊन, सकाळी, इंजिन थंड असताना.